शंका सरकारची, चूल गरिबाची

'हवाला' हा शब्द वर्तमानपत्रात दिसला की डोळ्यांपुढे काळा पैसा, छापे आणि नोटांनी भरलेल्या बॅगा येतात. मुळात हा शब्द साधा आणि भला आहे. अरबीत हवाला म्हणजे आपल्याकडची रक्कम किंवा जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवणे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. लेकरू शेजारणीच्या हवाली करून आपण बाजाराला जातो. बोलताना कुणाच्या शब्दाचा हवाला देतो. शिवकाळात किल्ला ज्याच्या ताब्यात असे त्याला हवालदार म्हणत. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडेच माणूस काही सोपवतो, आणि तो भरवसा या शब्दाच्या पोटात आहे.

भरवशाने चालणाऱ्या अशा एका मोठ्या पेढीला सरकारने एका दिवसात टाळे ठोकले, त्याची हकीकत आम्ही या महिन्यात सांगणार आहोत. पेढीचे नाव अल-बरकात, देश सोमालिया आणि साल २००१. देश दूरचा आणि गोष्ट जुनी असली तरी रत्नागिरी-रायगडातल्या, मुंब्रा-भिवंडीतल्या आणि मराठवाड्यातल्या ज्या घरांची चूल दुबई, कुवेत किंवा दमामहून येणाऱ्या पैशावर पेटते, त्या घरांना ती परकी वाटणार नाही.

बँका नसलेल्या देशातली पेढी

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात सियाद बर्रे यांची राजवट कोसळली आणि कुळाकुळांत यादवी सुरू झाली. सरकारच उरले नाही तिथे सरकारी बँका कुठून उरणार? त्या लुटल्या गेल्या, बंद पडल्या. लाखो माणसे घरदार सोडून निघाली. कुणी केनियातल्या छावण्यांत गेले, कुणी आखातात. कुणी लंडन, टोरोंटो आणि स्वीडन गाठले, तर कुणी अमेरिकेतल्या मिनिआपोलिससारख्या थंड शहरात जाऊन पोचले. तिथे टॅक्सी चालवून, कोंबड्यांच्या कारखान्यात आणि इस्पितळाच्या साफसफाईत राबून त्यांनी पैसा मिळवला. त्यातला वाटा मागे राहिलेल्या आईबापांना पाठवायचा होता, पण पाठवायचा कसा? पैसे पाठवणाऱ्या जगातल्या बड्या कंपन्या सोमालियात पोचतच नव्हत्या.

अहमद नूर अली जिमाले या सोमाली गृहस्थांनी आधी सौदी अरेबियात बँकेत नोकरी केली होती. त्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या व्यवसायाला यादवीनंतर मोठे रूप आले. नाव ठेवले अल-बरकात, म्हणजे बरकतचे अनेकवचन. मुख्य कचेरी दुबईत होती आणि २००१ पर्यंत सुमारे ४० देशांत पेढीची माणसे बसलेली होती. पैसे पाठवण्याबरोबर ठेवी घेणारी बँक, टेलिफोन आणि इंटरनेट असे सगळे या एका छत्राखाली आले. सोमालियातली ती सर्वांत मोठी खासगी कंपनी मानली जाई.

कामाची पद्धत सोपी होती. मिनिआपोलिसमधली बहीण पेढीच्या छोट्याशा दुकानात जाऊन १०० डॉलर देई आणि वर साधारण ५ डॉलर मेहनताना. मोगादिशूत किंवा दूरच्या गावात पैसे कुणाला द्यायचे ते ती लिहून देई. ही यादी दुबईमार्गे सोमालियात जाई आणि एक-दोन दिवसांत आईला निरोप येई, 'या, तुमचे पैसे आले आहेत.' ओळखपत्र देणारे सरकारच नसल्यामुळे म्हातारीकडे कसलाही कागद नसे. मग तिला विचारत, बापाचे नाव काय, आजोबाचे काय, कूळ कुठले? उत्तरे बरोबर आली की पैसे हातात पडत. अमेरिकेत जमलेली रक्कम मात्र तिथल्या बँकांतल्या खात्यांत भरून रीतसर दुबईला पाठवली जाई. म्हणजे लोकांच्या मनात असते तशी ही बॅगांतून नोटा नेणारी पेढी नव्हती. गावाकडचे टोक भरवशावर आणि शहराकडचे टोक बँकेवर, अशी तिची घडण होती.

अशा मार्गांनी सोमालियात येणाऱ्या पैशाचे त्या काळचे अंदाज वर्षाला २० कोटींपासून ५० कोटी डॉलरपर्यंत जातात. यातला छोटा आकडा धरला तरी परदेशांकडून मिळणाऱ्या मदतीपेक्षा तो मोठा भरतो. मदत करणाऱ्या संस्था आणि संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यासुद्धा आपल्या लोकांचे पगार पोचवायला अल-बरकातचा वापर करत, कारण दुसरी सोय नव्हती.

७ नोव्हेंबरचा दिवस

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत अमेरिकेत सुमारे ३,००० माणसे मारली गेली. त्या कत्तलीमागचा पैसा शोधणे हे अमेरिकन सरकारचे कर्तव्यच होते, आणि त्याबद्दल कुणाही समजदार माणसाची तक्रार असू नये. ७ नोव्हेंबरला अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केले की अल-बरकात अल-कायदाला पैसा पुरवते, म्हणून तिची मालमत्ता गोठवली जात आहे. ६२ व्यक्ती आणि संस्थांची यादी त्याच दिवशी निघाली, आणि त्यात बहुतेक नावे या पेढीशी जोडलेली होती. मिनिआपोलिस, बॉस्टन, सिअॅटल, कोलंबस अशा शहरांत एकाच वेळी छापे पडले. वह्या, संगणक, रोकड सगळे उचलून नेले. सिअॅटलमध्ये त्याच जागेत असलेल्या किराणा दुकानाच्या फळ्यासुद्धा रिकाम्या झाल्या. संयुक्त अरब अमिरातीनेही खाती गोठवली आणि लगेच ही नावे संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेली. त्यामुळे सगळ्या देशांना तीच कारवाई करणे भाग पडले.

पेढीवर आरोप असा होता की मेहनतान्यातून दरवर्षी कोट्यवधी डॉलर बाजूला काढून ते अतिरेक्यांना दिले जातात. न्यायालयात काही सिद्ध झाले नव्हते. यादीत नाव घालायला न्यायालयाची गरजच नव्हती, सरकारचा संशय पुरेसा होता.

रमजान तेव्हा आठ-दहा दिवसांवर आला होता. रमजानात आणि ईदच्या आधी परदेशातून जास्त पैसा येतो, हे ज्या घरात आखातातून पैसे येतात तिथे कुणाला सांगायला नको. घरच्यांच्या खर्चाबरोबर जकात असते, फितरा असतो, विधवा खालाचा वाटा असतो. त्या वर्षी सोमाली घरांत हे पैसे वाटेतच अडकले. ज्यांनी पेढीच्या बँकेत आयुष्याची पुंजी ठेवली होती त्यांच्या ठेवीही अडकल्या. पेढीच्या टेलिफोन कंपनीचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला, इंटरनेट बंद पडले. त्यामुळे 'पैसे पाठवले होते, मिळाले का?' हे विचारायचीही अनेकांची सोय राहिली नाही.

देशावर दुसरे संकट आधीच आलेले होते. शेळ्या-मेंढ्या आणि उंट विकणे हाच सोमाली माणसाचा मोठा धंदा, आणि गिऱ्हाईक म्हणजे सौदी अरेबिया आणि शेजारचे आखाती देश. जनावरांत रिफ्ट व्हॅली नावाचा ताप पसरल्यामुळे सप्टेंबर २००० पासून त्या देशांनी सोमाली जनावरे घेणे थांबवले होते. धंदा बसलेला असताना परदेशातल्या मुलाचा पैसा हाच आधार होता, आणि नेमका त्यालाच धक्का बसला.

खरे तेवढेच सांगायचे तर हा प्रवाह कायमचा आटला नाही. दहाबशील आणि इतर सोमाली पेढ्या पुढे आल्या आणि काही आठवड्यांत बराच पैसा त्यांच्या वाटेने वळला. पण टाळे लागले त्या दिवशी ज्यांचे पैसे वाटेत होते आणि ज्यांच्या ठेवी पेढीत होत्या, त्यांना या नव्या वाटेचा काय उपयोग?

पुरावा कुठे गेला?

अमेरिकन तपास अधिकारी दुबईला गेले. अमिरातीच्या सरकारने त्यांना कागदपत्रे मोकळी करून दिली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २००४ मध्ये अतिरेक्यांच्या पैशाबद्दल वेगळा अहवाल काढला. त्यात अल-बरकातवर एक पूर्ण प्रकरण आहे. एफबीआयच्या तपासात पेढी आणि अल-कायदा यांचा संबंध दाखवणारा पुरावा हाती लागला नाही, असे त्या अहवालातून दिसते. हा अहवाल अमेरिकेच्याच आयोगाचा आहे, पेढीच्या वकिलाचा नव्हे. म्हणून त्याला वजन आहे.

यादीतली नावे निघाली, पण फार सावकाश. स्वीडनमधले सोमाली वंशाचे तिघे नागरिक या यादीत होते. त्यातल्या दोघांची नावे ऑगस्ट २००२ मध्ये काढली आणि तिसऱ्याला २००६ पर्यंत थांबावे लागले. तोवर त्याची खाती बंद होती आणि त्याला नोकरीवर ठेवायलाही लोक कचरत होते. ओटावातल्या एका सोमाली व्यावसायिकाविरुद्धचे प्रकरण पुराव्याअभावी सोडून देत असल्याचे कॅनडा सरकारने जून २००२ मध्ये जाहीर केले. खुद्द जिमाले यांचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या अल-कायदासंबंधीच्या यादीतून २०१२ मध्ये निघाले. पण त्याच वेळी ते सोमालियासंबंधीच्या दुसऱ्या यादीत गेले आणि तिथून निघायला २०१४ साल उजाडले.

या सगळ्यात एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वीडनमधली अल-बरकात संस्था आणि सौदी व्यापारी यासीन काझी यांनी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३ सप्टेंबर २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की यादी संयुक्त राष्ट्रांची असली तरी माणसाला त्याच्यावरचा आरोप सांगितलाच पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे आणि न्यायालयात जायची वाट त्याला मोकळी ठेवलीच पाहिजे. या निकालाचा दबाव संयुक्त राष्ट्रांवरही आला. डिसेंबर २००९ मध्ये सुरक्षा परिषदेने अशा तक्रारी ऐकण्यासाठी एका स्वतंत्र अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. सात-आठ वर्षे उशिरा का होईना, 'आधी ऐका, मग शिक्षा करा' हा साधा नियम मान्य झाला.

पेढीच्या बाजूची उणीव

आता दुसरी बाजूही पाहू. ती सांगितली नाही तर हे लिखाण एकांगी होईल.

अमेरिकेत पैसे पाठवण्याचा धंदा करायला बहुतेक राज्यांत परवाना लागतो. पेढीसाठी काम करणाऱ्या सगळ्यांनी तो घेतलेला नव्हता. बॉस्टनजवळ कचेरी चालवणाऱ्या एकाला विनापरवाना धंदा केल्याबद्दल २००२ मध्ये दीड वर्षाची कैद झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये तिथे नवा कायदा झाला होता आणि परवान्याची गरज आपल्याला माहीत नव्हती ही सबब त्यात चालत नव्हती. अतिरेक्यांना मदत केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, पण परवान्याचा गुन्हा झाला. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मात्र वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही एकच होऊन बसतात.

गावच्या टोकाला कूळ विचारून पैसे देण्याची पद्धत माणुसकीची होती आणि अडचणीतून निघालेली होती. पण उद्या कुणी विचारले की हे १०० डॉलर नक्की कुणाला गेले, तर दाखवायला काय? पेढीची दानत चांगली असेल, पण सरकारपुढे आणि न्यायालयापुढे दानत दाखवता येत नाही, वही दाखवता येते. उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून काढा, ही शिकवण कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असेही तिथे बजावले आहे. विश्वासू माणसालाही कागद लागतो, कारण संशय आलाच तर तोच त्याची बाजू सांगतो.

सोमाली पेढ्यांनी हे नंतर मनावर घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने त्यांनी आपली संघटना उभारली, नोंदणी केली, परवाने घेतले, ओळखपत्रे मागायला सुरुवात केली. मे २००२ मध्ये अबू धाबीत हवाल्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हवाला बंद पाडण्यापेक्षा त्याची नोंदणी करून त्यावर देखरेख ठेवावी, असा विचार तिथे पुढे आला. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने हवालावाल्यांची नोंदणीही सुरू केली. आम्हाला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

संशय खरा ठरतो तेव्हा

सरकारचा संशय दर वेळी खोटाच असतो, असे कुणी समजू नये. याच्या दहा वर्षे आधी, ५ जुलै १९९१ रोजी, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल ही प्रचंड बँक इंग्लंडसह अनेक देशांनी एकाच वेळी बंद केली. आगा हसन अबेदी यांनी १९७२ मध्ये ती काढली होती. तिसऱ्या जगाची, मुसलमानांची स्वतःची बँक म्हणून तिचे कौतुक होत होते आणि इंग्लंडमधल्या हजारो भारतीय-पाकिस्तानी दुकानदारांनी आपली कमाई तिथे ठेवली होती. पण आतून ती पोखरलेली होती. हिशेब खोटे होते, बुडीत कर्जे लपवलेली होती आणि अमली पदार्थांचा पैसा फिरवल्याचा गुन्हा तर तिने बंद होण्याआधीच, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या न्यायालयात कबूल केला होता.

या बँकेचे भारतातले काम मुंबईत होते. ते स्टेट बँकेने आपली एक वेगळी उपकंपनी काढून ताब्यात घेतले आणि पुढे २०११ मध्ये ती उपकंपनी स्टेट बँकेत विलीन झाली. इंग्लंडमधल्या ठेवीदारांना मात्र वर्षानुवर्षे न्यायालयाच्या आणि लिक्विडेटरच्या तोंडाकडे पाहत बसावे लागले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली तर काय दिसते? एक बँक खरोखर गुन्हेगार निघाली आणि दुसऱ्या पेढीवरचा मोठा आरोप सिद्ध झाला नाही. पण पहिल्या दिवशी दोन्हीकडे शिक्षा झाली ती पैसे ठेवणाऱ्याला आणि पैसे घेणाऱ्याला. संचालक वकील लावतात आणि लढतात. म्हातारी आई मात्र दुकानाच्या बंद दाराशी उभी राहून परत जाते.

सरकारने ठरवले तर हे टाळता येते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबईतली कितीतरी कुटुंबे रस्त्यावर आली. त्या आक्रोशानंतर ठेवींचा विमा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेला. २०२१ च्या दुरुस्तीनुसार बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. बँकेची चौकशी चालू द्या, पण ठेवीदाराच्या घरात दाणे पोचू द्या, हा त्यामागचा विचार आहे. मोगादिशूच्या ठेवीदाराला असे काहीच नव्हते.

टाळे न लावता बंद झालेले दार

पुढच्या काळात छापे कमी झाले, पण नवी अडचण आली. मोठ्या बँकांनी सोमाली पेढ्यांची खातीच बंद करायला सुरुवात केली. दंडाची भीती एवढी की थोड्या नफ्यासाठी धोका कशाला, असा हिशेब त्यांनी केला. डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटातल्या एका बँकेने हात काढून घेतला. २०१३ मध्ये लंडनच्या बार्कलेज बँकेने दहाबशीलसह अनेक पेढ्यांना नोटिसा दिल्या. दहाबशील न्यायालयात गेली आणि त्या नोव्हेंबरमध्ये तिला तात्पुरता दिलासा मिळाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बँकेनेही सोमाली पेढ्यांची खाती बंद केली.

परवाने घेतलेल्या, हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांवरही ही वेळ आली. बँकेने खाते बंद केल्यावर पैसा थांबतो थोडाच? तो बॅगेत भरून विमानाने जाऊ लागतो. म्हणजे उजेडात असलेला व्यवहार अंधारात जातो आणि ज्याला पकडायचे तो आणखी सुरक्षित होतो.

आपल्या घरात काय?

भारत हा परदेशातून आपल्या माणसांनी पाठवलेला पैसा घेणारा जगातला सर्वांत मोठा देश आहे. २०२२ पासून ही रक्कम वर्षाला १०० अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. यातला बहुतेक पैसा बँकांतून येतो. पण आपल्या भागात अजूनही 'हुंडीने पाठवतो' असे बोलले जाते, हे आपण सगळे जाणतो. कारणेही खोटी नाहीत. लेबर कॅम्पात राहणाऱ्या मुलाला शुक्रवारीच सुटी, भाव जरा बरा मिळतो, पैसे घरपोच येतात, आणि घरी एकट्या असलेल्या अम्मीला बँकेच्या चकरा माराव्या लागत नाहीत.

तरी काही गोष्टी स्पष्ट सांगणे आम्ही आमचे काम समजतो.

पहिली गोष्ट कायद्याची. १ जून २००० पासून आपल्याकडे फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परदेशातल्या माणसाच्या वतीने येणारा पैसा अधिकृत मार्गाशिवाय स्वीकारणे हेसुद्धा उल्लंघन आहे. म्हणजे पाठवणारा आणि पोचवणारा यांच्याबरोबर घेणाऱ्या घरालाही हा कायदा लागू होतो. दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत होऊ शकतो. मुलाने घामाने मिळवलेला हलाल पैसा केवळ चुकीच्या वाटेने आला म्हणून संशयाचा होतो.

दुसरी गोष्ट अनोळखी खात्याची. हुंडीचा माणूस हल्ली रोख आणून देतोच असे नाही. कुणा तिसऱ्याच्या खात्यातून तो तुमच्या खात्यात रक्कम टाकतो. तो तिसरा कोण, त्याच्याकडे पैसा कुठून आला, तुम्हाला काहीच ठाऊक नसते. उद्या ती रक्कम कुणाच्या फसवणुकीतली निघाली तर पोलीस तिचा माग काढत येतात आणि तुमचे खाते गोठते. मग मुलीची फी आणि दवाखान्याचा खर्चही त्याच खात्यात अडकून पडतो.

तिसरी गोष्ट नोंदीची. परदेशी जाणाऱ्या मुलाचे एनआरई खाते निघण्याआधी किंवा गेल्या गेल्या उघडावे. आखातातल्या परवानाधारक एक्स्चेंजमधूनच पैसे पाठवावेत आणि पावतीचा फोटो घरी पाठवायची सवय लावावी. घरात एक साधी वही असावी. कोणत्या तारखेला किती आले, त्यातून घरासाठी किती, जकातीचे किती, कुणाला उसने दिले, हे त्यात लिहावे. ही वही घरातल्या बाईच्या हातात असली तर फारच उत्तम. पैसा तीच घेते आणि खर्चही तीच करते. मग सही आणि हिशेबही तिचाच असू द्या. नवरा परदेशात अचानक आजारी पडला किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, तर त्या वहीवाचून तिला कुणी विचारत नाही.

चौथी गोष्ट पाठवण्याच्या खर्चाची. गरीब माणूस हुंडीकडे वळतो त्यामागे बँकांचा चढा आकार आणि त्यांची वागणूकही आहे. पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचा, हे जगातल्या सगळ्या सरकारांनी संयुक्त राष्ट्रांत मान्य केलेले ध्येय आहे. सरळ वाट स्वस्त आणि सोपी झाली की आडवाट आपोआप ओस पडते. आपल्या जमातींनी, मोहल्ल्यातल्या संस्थांनी आणि आखातातल्या आपल्या मंडळांनी बँकांकडे ही मागणी धरली पाहिजे, आणि नव्याने परदेशी जाणाऱ्या पोरांना खाते उघडून द्यायचे कामही हाती घेतले पाहिजे.

सरकारांनी संशय घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. अतिरेक्यांचा पैसा अडवलाच पाहिजे, कारण त्यांनी केलेल्या कत्तलीत आपलेही जीव गेले आहेत. पण संशय घेतल्यावर आरोप सांगावा, उत्तर ऐकावे, चौकशीला मुदत असावी आणि तोवर गरिबाची अमानत त्याच्यापर्यंत पोचायची काही तरी सोय ठेवावी, एवढे मागण्याचा हक्क कुठल्याही देशातल्या माणसाला आहे. अल-बरकातच्या वेळी यातले काहीच झाले नाही. नावे यादीतून निघाली, पण बसलेली पेढी पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही.

हा हक्क मागताना आपली वही मात्र आपल्या हातात हवी. या महिन्यात परदेशातून पैसे आले की पावती मागून घ्या आणि वहीचे पहिले पान भरा. घरातल्या मुलांनाही ते पान दाखवा. आपला बाप किंवा भाऊ किती उन्हात उभा राहून हे पाठवतो, ते त्यांनाही कळू द्या.